धडगत

आमच्या हॉलच्या कोपऱ्यात एक सहा फुटी व्यक्ती गेली पन्नासएक वर्षं भिंतीकडे तोंड करून उभी आहे. नव्याने येणारा माणूस आधी दचकतो, मग ओशाळतो आणि शेवटी विचारतो, "हे सारंगीसारखं काय आहे हो?" सारंगीसारखं! ऐरावताला शेळीसारखा म्हणण्यापैकीच हे. तो डबल बास आहे. व्हायोलिनच्या घराण्यातला सर्वांत थोरला भाऊ. आणि थोरल्या भावाच्या वाट्याला जे जे येतं ते सगळं त्याच्याही वाट्याला आलेलं आहे. भार ह्याने वाहायचा, आवाज ह्याने खाली ठेवायचा आणि टाळ्या धाकट्याने घ्यायच्या. मध्यंतरी आमच्या सौभाग्यवतींनी त्याच्या मानेला छत्री अडकवायला सुरुवात केली. मी काही बोललो नाही. बास वाजवणारा माणूस सहसा बोलत नाही.

हे वाद्य मी शिकलो धोबीतलावच्या एका गोवेकर अंकलकडे. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत त्या काळी गोव्याची मंडळी पुष्कळ. नोटेशन वाचता येणारी, वेळेवर येणारी आणि पडद्यावर नाव न येणारी. अंकल त्यांतलेच एक. त्यांनी पहिल्याच दिवशी मला गुरुमंत्र दिला तो असा: "गिटारवाल्याच्या डाव्या हाताकडं बघत राहा. तो काय धरणार ते कानाला कळायच्या आधी डोळ्याला कळतं."

मंत्र अगदी शास्त्रशुद्ध होता. गिटारच्या सहा तारा, जाड तारेपासून बारीक तारेकडे, ई, ए, डी, जी, बी, ई अशा लावतात. डबल बासला चार तारा: ई, ए, डी, जी. म्हणजे गिटारच्या जाडसर चार ताराच, फक्त एक सप्तक खाली. तेव्हा गिटारवाल्याची बोटं अमुक आकारात पडली की हा 'जी' धरणार, तमुक आकारात पडली की 'सी', हे शेजारी उभ्या असलेल्या बासवाल्याला आयतं दिसतं. परीक्षेत शेजारच्याच्या पेपरात डोकावावं, आणि तेही पर्यवेक्षकाच्या परवानगीने, तसा हा प्रकार. ह्या एका मंत्रावर मी ऑफिसची स्नेहसंमेलनं, दोन-तीन डझन लग्नं आणि चाळीतले कितीतरी गणपती निभावून नेले. कानांना मुळीच त्रास दिला नाही.

आणि मग गेल्या पावसाळ्यात धाकट्या बहिणीचा फोन आला.

"दादा, तू जरा बघ ना. नोकरी सोडून घरी येऊन बसलाय. डॉक्टरांना दाखवलं, पण कुणाशी धड बोलत नाही. दिवसभर खोलीत ते गिटार घेऊन. तुझं ते मोठं आहे ना कोपऱ्यात, त्याचं काहीतरी निमित्त कर आणि बोलावून घे."

भाचा रविवारी आला. आत्याबाई आल्या असत्या तर तेवढ्यात चार घरांच्या बातम्या झाल्या असत्या, पण हा गृहस्थ खुर्चीत बसला, गिटार काढली आणि खुंट्या पिळायला लागला. मला वाटलं, तारा उतरल्या असतील. मी थांबलो. आपण तबलजीच्या हातोडीपुढे आयुष्य काढलेली माणसं; वाद्य लागेपर्यंत थांबणं आपल्या रक्तात आहे. पाच मिनिटांनी त्याने सुरुवात केली. मी मंत्राप्रमाणे त्याच्या डाव्या हाताकडे बघितलं. दोन बोटं दोन तारांवर, बाकीच्या तारा मोकळ्या. ह्या आकाराला माझ्या कोशात नावच नव्हतं. जे नाव त्यातल्या त्यात जवळचं वाटलं ते मी वाजवलं आणि खोलीत म्हैस शिरल्यासारखा आवाज झाला.

"अरे, हे लावलंयस तरी काय?"

"डॅडगॅड, मामा."

त्या दिवशी तो एवढंच बोलला. मला ते 'धडगत' असं ऐकू आलं. पुढचा अर्धा तास ती नव्हतीच.

मराठी माणूस वर्तमानात हरला की इतिहासात शिरतो. मीही शिरलो.

तारा भलत्या सुरात लावायची खोड काही आजची नाही. सतराव्या शतकात बीबर नावाच्या संगीतकाराने व्हायोलिनसाठी पंधरा सोनाटे लिहिले आणि पहिला सोडला तर प्रत्येकाला तारा वेगळ्या लावायला सांगितल्या. पुढे एकोणिसाव्या शतकात मेक्सिकन गुराख्यांनी हवाई बेटांवर गिटार नेली. तिथल्या लोकांनी तारा सैल करून आपले सूर काढले. आपल्याकडेही एके काळी बऱ्याच मध्यमवर्गीय मांड्यांवर 'हवाईयन गिटार' आडवी पडलेली असायची, तिच्याही तारा नेहमीच्या गिटारसारख्या नसत. अमेरिकेतल्या ब्लूजवाल्यांनी तर मोकळ्या तारा छेडल्या की आपोआप एक कॉर्ड वाजेल अशाच लावून टाकल्या. तेव्हा भाचा एकटाच गुन्हेगार नव्हे, हे मान्य.

पण 'धडगत' मात्र एका माणसाच्या नावावर आहे. डेव्ही ग्रॅहम, जन्म १९४०. बाप स्कॉटिश, आई गयानाची, वाढला लंडनमध्ये. साठच्या दशकाच्या सुरुवातीला हा तरुण मोरोक्कोत, टँजियरला गेला. तिथे ऊद वाजवणारे लोक. ऊदला पडदे नसतात आणि अरबी मकामात आपल्या रागासारखीच सुरांची वळणं. त्यात पाश्चात्त्य गिटारच्या कॉर्ड म्हणजे पंगतीत बूट घालून बसल्यासारख्या. ह्या पठ्ठ्याने काय केलं, तर गिटारच्या दोन्ही टोकांच्या ई तारा डीपर्यंत उतरवल्या आणि बीची तार एपर्यंत. झालं डी, ए, डी, जी, ए, डी. ह्याची अक्षरं जोडून इंग्रज 'डॅडगॅड' म्हणतो.

आता डी म्हणजे आपला सा धरा आणि पुन्हा वाचा: सा, प, सा, म, प, सा. हा तर तंबोराच! आपण तंबोऱ्यात पंचम लावतो, मालकंस असला तर मध्यम. ग्रॅहमसाहेबांनी दोन्ही लावून टाकले. आणि गंधार? गंधार नाहीच. पाश्चात्त्य कॉर्डचा सगळा स्वभाव गंधारावर ठरतो. शुद्ध असला तर हसरी, कोमल असला तर रडवी. गंधारच काढून टाकला की गिटारवाला हसतही नाही, रडतही नाही. मुलगी बघून "कळवतो" म्हणून निघून गेलेल्या वरपक्षासारखा तो कुठेच अडकत नाही. अशा वेळी बासवाल्याने उत्साहाच्या भरात भलता गंधार लावला, की जुळत आलेलं लग्न मोडलंच म्हणून समजा. मी पहिल्या रविवारी निदान चार मोडली.

दुसरी अडचण जागेची. गिटारची जाड ई तार डीपर्यंत उतरली की तिची सेकंदाला साधारण ७३ कंपनं होतात. आणि माझ्या बासची मोकळी डी तार? तीही ७३. एकाच खुर्चीवर दोन माणसं. वर पुन्हा हे बोटांनी वाजवणारे गिटारवाले अंगठ्याने स्वतःचा खर्ज स्वतःच चालवत असतात. त्यांच्या अंगठ्याखाली माझी म्हैस दडपून बसवायची म्हणजे दोघांचाही चिखल. खाली सरकावं, तर त्याखालचा डी माझ्याकडे नाही. माझं तळघर ४१ कंपनांच्या ईला संपतं. तिसरी अडचण कॅपोची. तो चिमटा मानेवर बसला की सगळा गावच दोन-चार घरं वर सरकतो आणि बोटांचे ओळखीचे आकारही खोटं बोलायला लागतात. थोडक्यात, अंकलचा गुरुमंत्र ह्या प्रांतात चालत नाही. इथे डोळे असून उपयोग नाही.

मग साठ-सत्तरच्या त्या लंडनात ह्या लोकांना साथ कोण करत होतं? ग्रॅहमच्या १९६५ सालच्या 'फोक, ब्लूज अँड बियाँड' ह्या रेकॉर्डवर बास टोनी रीव्ह्जचा आहे. चांगला आहे. पण मी ज्याच्या पायाशी बसलो (म्हणजे भाच्याच्या मोबाइलपाशी बसलो) तो डॅनी थॉम्प्सन.

थॉम्प्सन १९३९ चा, डेव्हनमधल्या टेनमथचा. शाळकरी वयातच त्याने एका म्हाताऱ्याकडून पाच पौंडांना, तेही हप्त्याने, एक जुना बास घेतला. तो निघाला एकोणिसाव्या शतकातला अस्सल फ्रेंच. त्याने त्याचं नाव ठेवलं व्हिक्टोरिया. मला हे नाव फार आवडलं. मुंबईत डबल बास हलवलेला कोणीही सांगेल, की त्याला टॅक्सीवाला घेत नाही, लोकल घेत नाही, आणि कधी काळी बोरीबंदरला उभी असणारी व्हिक्टोरिया तेवढी बिनतक्रार घ्यायची. आमच्या बासचं नाव ठेवायचं तर 'छत्रीस्टँड' ठेवावं लागेल.

थॉम्प्सन मुळात जॅझ आणि ब्लूजचा गडी. अॅलेक्सिस कॉर्नरच्या ब्लूज इन्कॉर्पोरेटेडमध्ये तो होता, तिथेच ड्रमवाला टेरी कॉक्सही. १९६७ साली हे दोघे बर्ट जान्श आणि जॉन रेनबोर्न ह्या दोन गिटारवाल्यांना आणि जॅकी मक्शी ह्या गायिकेला मिळाले आणि पाच जणांचा 'पेंटँगल' झाला. टॉटनहॅम कोर्ट रोडवरच्या हॉर्सशू हॉटेलात त्यांच्या रविवारच्या बैठका व्हायच्या. एका जंगलात दोन वाघ राहत नाहीत म्हणतात, इथे एका बासच्या दोन बाजूंना दोन गिटारवाले, दोघेही मनाला येईल तशा तारा उतरवणारे. त्यातला एक मध्येच सतारही घेऊन बसायचा. गाणी जुनी इंग्रजी-स्कॉटिश लोकगीतं आणि ताल पाचाचे, सातांचे. १९६८ साली लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये त्यांचा जो कार्यक्रम झाला, त्यात थॉम्प्सनने एकट्याने बासवर चार्ल्स मिंगसची चीज वाजवली. लोकगीतांच्या बैठकीत जॅझ, आणि तोही एकट्या बासवर! आमच्याकडे कोणी असं केलं असतं तर लोकांनी चहाला उठायची वेळ झाली असं धरलं असतं. तिथे त्याची रेकॉर्ड निघाली.

मी ही रेकॉर्डिंगं कान देऊन ऐकली आणि मला पहिला साक्षात्कार झाला, तो हा की हा माणूस फार थोडं वाजवतो. गिटारचा अंगठा जिथे चालतो तिथे हा जातच नाही. तो अंगठा खाली असला तर हा वर जाऊन दुसऱ्या गायकासारखा गायला लागतो. अंगठा थांबला की हा खाली उतरून घर सांभाळतो. बासला पडदे नाहीत, त्यामुळे सुरावर उडी न मारता मींड घेऊन अलगद येता येतं. सैल केलेली तार जोरात छेडली की सूर क्षणभर चढतो आणि मग बसतो. पडदेवाला तिथे हताश, बासवाला मात्र बोट केसभर सरकवून त्याच्याबरोबर जातो. आणि काहीच सुचलं नाही तर गज हातात घेऊन एकच सूर लांब धरायचा. त्यालाच आपण तंबोरा म्हणतो.

सगळ्यांनाच हे जमलं असं नाही. लेड झेपेलिनच्या पहिल्या रेकॉर्डवर, १९६९ साली, 'ब्लॅक माउंटन साइड' नावाचा एक तुकडा ह्याच धडगतीत आहे. तिथे साथीला विराम जसानींचा तबला. बास? नाही. बासवाल्याला त्या दिवशी रजा दिली.

कॅनडाच्या जोनी मिचेलची तऱ्हा आणखी वेगळी. नऊ वर्षांची असताना पोलिओ झाला आणि डावा हात कमजोर राहिला. अवघड कॉर्ड धरता येईनात, म्हणून तिने बोटांऐवजी खुंट्यांना कामाला लावलं. पन्नासाहून जास्त प्रकारांनी ती तारा लावत असे. रॉकवाल्यांना तिच्या कॉर्डचा थांग लागेना आणि शेवटी तिला जॅझवाल्यांकडे जावं लागलं. तिकडे खुद्द मिंगसनेच तिला बोलावलं. पण तोवर त्या बासवाल्याच्या हातांतली ताकद आजाराने गेली होती, आणि १९७९ च्या जानेवारीत तो वारला. त्याच वर्षी निघालेल्या तिच्या 'मिंगस' नावाच्या रेकॉर्डवर मिंगसचा बास नाही.

असो. मला बोलायचं आहे ते निक ड्रेकबद्दल, आणि त्याचं कारण वेगळं आहे.

हा मुलगा १९४८ साली रंगूनला जन्मला. वडील तिथे बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनमध्ये इंजिनीयर. म्हणजे ओढूनताणून का होईना, मुंबईचं नाव त्याच्या पाळण्याला चिकटलेलं. वाढला इंग्लंडच्या एका खेड्यात. उंच, देखणा आणि अतिशय अबोल. तारा तो इतक्या वेगळ्या लावायचा, की कार्यक्रमात दोन गाण्यांच्या मध्ये खुंट्या पिळण्यात मिनिटामागून मिनिटं जायची. तेवढ्या वेळात दुसरा कोणी दोन विनोद सांगेल. हा मान खाली घालून पिळतच राही. लोक कंटाळत, बोलायला लागत, आणि त्यामुळे हा आणखी गप्प होई. पुढे पुढे त्याने कार्यक्रमच सोडले. १९६९ सालच्या त्याच्या पहिल्या रेकॉर्डवर, 'फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट'वर, साथीला आपला डॅनी थॉम्प्सन आहे. तो एक ढांगळा गप्पिष्ट माणूस, हा एक मिटलेला. पण रेकॉर्ड ऐकताना कोण बोलका ते कळत नाही. बास जणू विचारतो, "मग? पुढे?" आणि गिटार पुढे सांगते.

१९७२ च्या 'पिंक मून'वर मात्र नुसता आवाज आणि गिटार. एका गाण्यात थोडा पियानो. थॉम्प्सन नाही, कोणीच नाही. त्यातल्या नावाच्या गाण्याच्या तारा सी, जी, सी, एफ, सी, ई. नोव्हेंबर १९७४ मध्ये, आईवडिलांच्या घरी, वयाच्या सव्विसाव्या वर्षी तो गेला. नैराश्यावरच्या गोळ्या जास्त झाल्या होत्या.

हे वाचलं तेव्हा रात्रीचे साडेदहा झाले होते. मी बहिणीला फोन केला आणि उगाचच विचारलं, "जेवला का तो?"

"जेवला. का रे?"

"काही नाही. रविवारी लवकर पाठव."

थॉम्प्सनबद्दल आणखी एक सांगून टाकतो, कारण त्याशिवाय माणूस पुरता कळायचा नाही. ड्रेकचा एक मित्र होता, जॉन मार्टिन. तोही तारा उतरवणाऱ्यांपैकीच. ड्रेकच्या काळजीने त्याने 'सॉलिड एअर' नावाचं गाणं केलं, १९७३ साली. त्यातही बास थॉम्प्सनचाच, आणि तो बास ऐकताना कोणीतरी पाठीवर हात ठेवल्यासारखं वाटतं. हेच दोघे दौऱ्यावर निघाले की मात्र हॉटेलवाल्यांची धडगत नसे. एकदा मार्टिन पिऊन जमिनीवरच झोपला, तेव्हा थॉम्प्सनने त्याला गालिच्याखाली घालून गालिचा चारी बाजूंनी खिळ्यांनी ठोकला आणि सकाळी त्याच्यासमोर बसून शांतपणे एकट्यापुरती न्याहारी मागवली, अशी हकीकत सांगतात. साथ करणं म्हणजे नेहमी मागेमागे राहणंच असतं असं नाही. थॉम्प्सन २०२५ च्या सप्टेंबरमध्ये गेला, शहाऐंशी वर्षांचा होऊन.

पुढच्या रविवारी मी एक प्रयोग केला. बास असा फिरवून उभा राहिलो की भाच्याचा डावा हात मला दिसूच नये. शिवाय डोळे मिटले. सौभाग्यवतींचं म्हणणं, पहिली दहा मिनिटं मी झोपलो होतो. ते खोटं आहे. मी सा शोधत होतो. तो सापडल्यावर मी गज घेतला आणि त्याच्या अंगठ्याच्या खाली पंचम धरून ठेवला. मोकळी ए तार, ५५ कंपनं, चूक व्हायला जागाच नाही. एकदम गिटार थांबली.

"मामा, तिथे नको."

"कुठे?"

"आत्ता धरलास ना, तिथे. तिथे काहीच नको. मी वर जाईन तेव्हा ये."

मी मनातल्या मनात शब्द मोजले. बारा-पंधरा तरी भरले. त्यानंतर हळूहळू त्याची भीड चेपत गेली. "मामा, घाई करतोस." "मामा, तू लग्नात वाजवल्यासारखं वाजवतोयस." "मामा, गंधार लावलास परत." एके दिवशी तर त्याने माझ्या हातातून गज काढून घेऊन टेबलावर ठेवला. रात्री बहिणीचा फोन.

"दादा, बोलला का काही?"

"बोलला म्हणजे? शिव्या देतो मला."

"खरंच?" तिचा आवाज इतका आनंदला, की मला थोडा रागच आला.

मागच्या रविवारी तो आला, छत्री बासच्या मानेवरून उचलून त्याने बाल्कनीत टाकली आणि खुंट्या पिळायला बसला. जाड तार डीवरही थांबली नाही, खालीच गेली. मी काही विचारायच्या आधीच तो म्हणाला, "सी जी सी एफ सी ई. कॅपो दुसऱ्या घरात."

मी सुरांत मांडून बघितलं. सा, प, सा, म, सा, ग. आता गंधार होता, तोही सगळ्यात बारीक तारेवर, उघडा. मग एकदम लक्षात आलं की ही कुठल्या गाण्याची लावणी आहे. छातीत जरा धस्स झालं.

"अरे, पण ह्यात बास कुठाय?"

"नाहीये," तो म्हणाला. "बसवायचाय."

कॅपोमुळे त्याचा सी माझा डी झाला. म्हणजे पुन्हा तीच ७३ ची खुर्ची. पहिल्या तीन प्रयत्नांत मी तिच्यावरच जाऊन बसलो, चौथ्याला वर गेलो आणि तिथून पडलो. तो काही न बोलता पुन्हा पहिल्यापासून वाजवू लागला, मग बोलून पुन्हा पहिल्यापासून. साडेनऊ वाजले. आमटी दोनदा गरम करावी लागली.